अंगणवाडी किती वाजता सुटते?

वर्धा जिल्ह्यात दिवाळी आणि कापसाची वेचणी मागेपुढेच येतात. सोयाबीन सोंगून झालेलं असतं, वावरात सीतादही होतं, आणि मग पुढचे दोन-तीन महिने बायांचे हात पऱ्हाटीत गुंतून राहतात. वेचणीची मजुरी किलोवर. जिच्या काखेत लेकरू आहे तिचा कापूस कमी भरतो, आणि किती कमी भरला हे संध्याकाळी काट्यावर सगळ्यांदेखत कळतं. त्यासाठी कुणा अर्थतज्ज्ञाच्या पाहणीची गरज नाही. दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर मोठे प्रश्न मांडण्याची प्रथा आहे. आम्ही यंदा एक किरकोळ वाटणारा प्रश्न मांडतो आहोत: अंगणवाडी किती वाजता सुटते? राज्याचं बालधोरण, स्त्रियांच्या रोजगाराचं धोरण आणि शिक्षणाचं धोरण ही तिन्ही या एका वेळेपाशी येऊन अडतात, असं आमचं म्हणणं आहे.

सिंदी मेघेचंच पाहा. (सेलू तालुक्यातली सिंदी रेल्वे वेगळी, ही वर्धा शहराला खेटून असलेली.) कागदावर इथे ग्रामपंचायत आहे, वस्ती मात्र शहरी. ले-आउटवर ले-आउट पडत गेले आणि शेताच्या जागी घरं आली. इथल्या बाया शहरात धुणीभांडी करतात, बांधकामावर जातात, दुकानांत उभ्या राहतात, सावंगी आणि सेवाग्रामच्या रुग्णालयांत पाळीने काम करतात, आणि हंगामात शेजारच्या गावांत मजुरीलाही जातात. यातलं कोणतंही काम सकाळी सुरू होऊन दुपारच्या आत संपत नाही. अंगणवाडी मात्र काही तासांतच आटोपते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथे गरम आहार मिळतो, गाणी-गोष्टी मिळतात, आणि मग त्याला घरी न्यायला कुणीतरी लागतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तेवढंही नाही. त्याचं वजन होतं, लसीकरण होतं, त्याच्या नावाने घरी शिधा जातो. त्याला सांभाळणं मात्र एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या सहा सेवांमध्ये १९७५ पासून कधी नव्हतंच.

ही उणीव वर्ध्याला विशेष लागायला हवी, कारण लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार या मातीत झाला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि नयी तालीम उभी राहिली. तो आराखडा सात ते चौदा वर्षांच्या मुलांचा होता. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी ही चौकट मोडली. शिक्षण आईच्या पोटापासून सुरू होतं, अशी मांडणी त्यांनी केली. जानेवारी १९४५ च्या सेवाग्रामच्या परिषदेनंतर ‘पूर्व-बुनियादी’ हा स्वतंत्र टप्पा ठरला आणि शांताबाई नारुळकरांनी सेवाग्रामात त्याचं काम उभं केलं. त्याच वर्षी ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढे १९५७ मध्ये अनुताई वाघांसह त्या कोसबाडला गेल्या. मूल बालवाडीपर्यंत येत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावं, ही ‘अंगणवाडी’ या शब्दामागची कल्पना त्यांचीच. शासनाने तो शब्द उचलला. पण आई जिथे आणि जितका वेळ राबते तिथे आणि तितका वेळ मुलाची सोय, हा त्या कल्पनेतला अर्धा भाग मागेच राहिला. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवणाऱ्या ‘मोबाइल क्रेशेस’ची सुरुवात १९६९ मध्ये दिल्लीत झाली ती गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम सुरू असताना, त्याच बांधकामावर. बापूंच्या नावाचं प्रदर्शन उभारणाऱ्या बायांची मुलं धुळीत पडलेली मीरा महादेवन यांना दिसली, म्हणून ते काम सुरू झालं.

पाळणाघराचे कायदे आपल्याकडे नाहीत असं कुणी म्हणू नये. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पन्नासपेक्षा अधिक बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघराची अट घातली गेली, १९७६ मध्ये हा आकडा तीसवर आणला गेला. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर तशीच जबाबदारी टाकली. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात तर आकडा आणखी खाली आला: कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिलाही मजुरी द्यायची. पण या प्रत्येक अटीच्या मुळाशी एक मालक गृहीत धरलेला आहे. चार घरची भांडी घासणारीचा मालक कोण? रोज वेगळ्या वावरात वेचायला जाणारीचा? ज्या बायांना पाळणाघर सर्वांत निकडीचं आहे त्या या सगळ्या कलमांच्या चाळणीतून खाली पडतात. त्यांच्यासाठी होती ती राष्ट्रीय पाळणाघर योजना. महिन्याला सव्वीस दिवस, दिवसाला साडेसात तास, पंचवीस मुलं, कागदावर चांगलीच. त्यात सांभाळणाऱ्या बाईला महिना ३,००० रुपये आणि मदतनिसाला १,५०० ठरले. २०१७ मध्ये खर्चातला केंद्राचा वाटा कमी होऊन राज्यांचा वाढला, आणि एके काळी देशभर तेवीस हजारांच्या आसपास असलेली पाळणाघरं काही वर्षांत साडेसहा हजारांवर आली. आता ‘पाळणा’ या नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची योजना आहे, उद्दिष्ट देशभरात सतरा हजारांचं. अंगणवाड्या चौदा लाखांच्या घरात आहेत हे लक्षात घेतलं, तर हे प्रमाण शेकड्याला सव्वा पडतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: घरात आजी असते की. असते, पण मजूर घरातली आजीही वावरात असते. आणि ले-आउटवर भाड्याने राहायला आलेल्या कुटुंबाची आजी गावी राहिलेली असते. मग मूल सांभाळतं कोण? बहुतेक वेळा आठ-दहा वर्षांची ताई. हजेरीपटावर तिचं नाव असतं, शिक्षण हक्क कायद्याने ती शाळेतही असते, फक्त वेचणीच्या दिवसांत ती शाळेत दिसत नाही. लहानग्याच्या सोयीवर शासन जे वाचवतं ते अशा रीतीने थोरलीच्या शिक्षणातून वसूल होतं. बालसंगोपन ही घराची खाजगी बाब आहे, असं मानणाऱ्यांनी या घरगुती व्यवहाराचा ताळेबंद एकदा मांडावा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषाची ९७. आणि त्यात मुलांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा वेळ धरलेला नाही, तो वेगळा मोजला आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे. बाईच्या हाती पैसे द्या, काय करायचं ते ती ठरवील. लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झालेच आहेत. रोख मदतीला आमचा विरोध नाही. बाईच्या हातातला पैसा तिचं घरातलं वजन वाढवतो. पण पैशाने तीच वस्तू विकत घेता येते जी बाजारात असते. खेड्यात वा शहराच्या कडेच्या वस्तीत विश्वासाचं पाळणाघर बाजारातच नाही, आणि असलं तरी त्याचं शुल्क मजुरीच्या आवाक्याबाहेरचं. रस्ता नाही म्हणून प्रत्येकाला थोडी थोडी गिट्टी वाटत नाहीत.

मग तिजोरीचा प्रश्न येतो, तो यावाही. महाराष्ट्रात अंगणवाड्या एक लाख दहा हजारांच्या आसपास. प्रत्येकीत आणखी एक सेविका नेमली आणि तिला महिना १५,००० रुपये दिले तर वर्षाचा खर्च १,९८० कोटी होतो. वाढीव जागा, पाळणे, दूध, दुपारचं दुसरं खाणं यांसाठी तेवढीच रक्कम आणखी धरा. लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा तिचा वर्षाचा अंदाज ४६,००० कोटींचा होता. हा खर्च त्याच्या दहाव्या भागाइतकाही नाही. ऐपत नाही, हे उत्तर म्हणून टिकत नाही. योजनेचे अर्ज भरून घ्यायला अंगणवाडी सेविकाच कामाला लावल्या होत्या, ही आठवणही या निमित्ताने ठेवलेली बरी.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो, आणि तो सेविकांचाच आहे. आहार, वजन, लसीकरण, गृहभेटी, मोबाइलवरच्या नोंदी, कधी सर्वेक्षण, कधी निवडणुकीचं काम: आहे ती सेविका एवढ्यानेच दमली आहे, तिच्या गळ्यात आणखी चार तास बांधणार का? मुळीच नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका-मदतनीस पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. त्यांच्या मेहनतान्याला आजही वेतन न म्हणता ‘मानधन’ म्हणतात, जणू त्या सत्कारालाच येतात. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं. म्हणून दुसरी सेविका ही आमच्या मते या धोरणाची पहिली अट आहे. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांमध्ये हा प्रयोग काटेकोर तुलनेने तपासला गेला आहे. काही केंद्रांना फक्त पूर्व-शालेय शिक्षणासाठी एक अर्धवेळ जादा बाई दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलांचं गणित आणि भाषा लक्षणीय सुधारली, आणि मूळ सेविकेला पोषणाकडे लक्ष द्यायला सवड मिळाल्याने तीव्र कुपोषणही घटलं. एका हाताने दोन्ही कामं होत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

पाळणाघर वाईट असेल तर ते घरापेक्षा वाईट, हेही खरं आहे. एका खोलीत चाळीस मुलं निजवून ठेवणं म्हणजे संगोपन नव्हे. दीड वर्षाच्या मुलाला एक ओळखीची मांडी लागते, चार नवखे चेहरे नव्हेत. त्यामुळे एका दिवसात सगळीकडे पाट्या रंगवण्यापेक्षा जिथे कामावर जाणाऱ्या आया जास्त तिथून सुरुवात करावी, आणि संख्या वाढवण्याआधी मुलांचं सेविकेमागचं प्रमाण बांधून घ्यावं. कर्नाटकाने २०२३-२४ मध्ये ‘कूसिना मने’ या नावाने ग्रामपंचायतींमध्ये पाळणाघरं सुरू करायला घेतली. ग्रामपंचायत हे काम अंगावर घेऊ शकते हे त्यातून घेण्यासारखं. आणि ज्या पालकांना तीन वर्षांच्या मुलाने टाय घालून एबीसीडी गिरवावी असं वाटतं, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कॉन्व्हेंटची व्हॅन दारात येते आणि ठरलेल्या वेळी परत आणते, हेही त्यांनी पाहिलेलं असतं. ताराबाईंच्या पद्धतीतले खडे, बिया, पानं, गाणी त्या वयाला गिरवण्यापेक्षा किती तरी हिताची आहेत. पण दुपारी बारानंतरचं उत्तर नसलेली अंगणवाडी ते पटवून देऊ शकत नाही.

राज्यघटनेच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदाने २००२ च्या दुरुस्तीनंतर सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची देखभाल आणि शिक्षण राज्याच्या प्रयत्नांत घातलं. त्यात देखभाल हा शब्द शिक्षणाच्या आधी आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये असंही सांगितलं की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. नव्या ले-आउटांच्या सिंदी मेघेला हा आदेश नेमका लागू पडणारा आहे, फक्त मागणी कुणीतरी करायला हवी. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. तो पैसा शिलाई मशीन आणि एखाद्या मेळाव्यात जिरवण्यापेक्षा अंगणवाडीतल्या दुसऱ्या बाईचं वेतन आणि दुपारचं दूध त्यातून सुरू करता येईल, पुढचा भार जिल्हा परिषदेकडे आणि राज्याकडे मागता येईल. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्यासाठीच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून सुरू होतात. ग्रामसभेची वेळही, तेवढं जाता जाता, वेचणीहून बाया परतल्यावरची ठेवावी.