मुदत संपली, निधी वाहतोच!

अमेरिकी काँग्रेस योजनेला आधी मुदतबद्ध मान्यता देते, मग दरवर्षी निधी. मुदत संपताच फेरतपासणी व्हावी, हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात नामशेष होऊ पाहणाऱ्या जीवजातींच्या संरक्षण कायद्याखालील निधीची मान्यता १९९२ मध्येच संपली. माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेची १९९८ मध्ये. पैसा मात्र मिळतोच! २०२४ मध्ये अशा मुदतबाह्य योजनांना ५०० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. सैनिकांचे उपचार थांबवा, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु उपयुक्त योजनेच्या आडोशाने निरुपयोगी योजनाही पोसली जाते, त्याचे काय?

विनियोजन कायद्यावाचून संचित निधीतून पैसा काढता येणार नाही, असे भारतीय संविधानाचा ११४वा अनुच्छेद बजावतो. कुलूप भक्कम आहे; पण पहारेकरीच निजला, तर कोषाचे रक्षण कोण करणार?