नाव नसलेल्यांचा सिनेमा



मुलांना विज्ञानाची गोडी लागेल असा इंग्रजी सिनेमा कोणता, असे विचारले की जाणकार मंडळी '२०,००० लीग्ज अंडर द सी' हे नाव हमखास सांगतात. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांची ही कादंबरी १८६९-७० सालची. वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीने १९५४ च्या डिसेंबरात ती पडद्यावर आणली. दिग्दर्शक होते रिचर्ड फ्लायशर. 'लीग' हे समुद्राच्या खोलीचे नव्हे, प्रवासाच्या अंतराचे माप आहे. वीस हजार लीग म्हणजे सुमारे ८०,००० किलोमीटर, पृथ्वीला दोन प्रदक्षिणा!

सिनेमाचे कौतुक झाले ते 'नॉटिलस' पाणबुडीचे आणि वादळात अजस्र म्हाकुळाशी झालेल्या झुंजीचे. कलादिग्दर्शन आणि स्पेशल इफेक्ट्स अशी दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली. कप्तान नेमो झालेल्या जेम्स मेसनचीही वाहवा झाली. कौतुक रास्तच आहे. पण ज्या हार्पर गॉफने नॉटिलसचा आराखडा काढला, तो कलादिग्दर्शकांच्या युनियनचा सभासद नव्हता, म्हणून त्या ऑस्करवर त्याचे नावच लागले नाही. घाम एकाचा, नाव दुसऱ्याचे! हा हिशेब आपल्या समाजाला नवा नाही.

आपण पाहायचे ते सिनेमातले वेगळे पान. रुरा पेंथे नावाचे एक बेट आहे. तिथे बंदिवान गुलाम पाठीवर नायट्रेट आणि फॉस्फेट वाहून जहाजात भरतात. त्यापासून युद्धाचा दारूगोळा व्हायचा असतो. नेमो आपल्या कैद्याला, प्रोफेसर अरोनॅक्स यांना, ते दाखवतो आणि सांगतो की, मीही यांच्यातलाच एक होतो. आपल्या शोधाचे गुपित त्याने सांगितले नाही म्हणून त्याच्या बायको-मुलाचा छळ करून जीव घेतला गेला. 'नेमो' या लॅटिन शब्दाचा अर्थच 'कोणीच नाही' असा आहे. ज्याचे माणूसपण हिरावून घेतले, त्याने तेच आपले नाव केले.

या 'कोणीच नाही'ची ओळख व्हर्न यांनी पुढे १८७४-७५ च्या 'गूढ बेट' या कादंबरीत दिली. तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेला. डिस्नेच्या सिनेमात मात्र हा हिंदी माणूस गळाला. उलट बेटावरचे आदिवासी आले ते नरभक्षक म्हणून. पाणबुडीवर चढताच त्यांना विजेचे झटके बसतात, ते उड्या मारतात आणि प्रेक्षकांनी हसावे अशी योजना आहे. गुलामांसाठी डोळ्यांत पाणी आणणारा सिनेमाच या माणसांना हसण्याचा विषय करतो. ही विसंगती मुलांच्या ध्यानात आणून दिलीच पाहिजे.

आता नेमोच्या मार्गाविषयी. तो दारूगोळ्याचा माल नेणारे ते जहाज बुडवतो. हा माल पोचला नाही म्हणजे हजारो जीव वाचले, असे त्याचे गणित. पण जहाजावरचे खलाशीही पोटासाठी राबणारेच होते. त्यांचीही नावे कोणाला ठाऊक नाहीत. नेमोचा संताप खरा आहे, पण ज्या गुलामांसाठी तो पेटून उठतो त्यांतला एकही त्या कृत्याने सुटत नाही. शेवटी तो आपले सारे ज्ञान स्फोटात नष्ट करून पाणबुडीसह समुद्रात जातो.

१९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःख आणि शोषण संपवण्याचे ध्येय दोघांचेही, फरक मार्गाचा, असे त्यांचे प्रतिपादन होते. बळाने घडवलेला बदल बळ हटताच ढासळतो. माणसाचे मन बदलले तरच तो टिकतो. नेमोकडे वीज होती, पाणबुडी होती, विद्या होती. संघ मात्र नव्हता. सोबतचे सुटलेले कैदी त्याच्या हुकुमाचे खलाशी झाले, विचाराचे वारसदार झाले नाहीत.

म्हणून हा सिनेमा मुलांना जरूर दाखवा. म्हाकुळाच्या झुंजीला त्यांना टाळ्या वाजवू द्या. संपल्यावर एवढेच विचारा : यात कोणाकोणाला नाव नव्हते? मुले मोजू लागली की समजा, सिनेमा त्यांना कळला.

जयभीम!