अपाक शेरा कमी झाल्यावर

माझी नोकरी जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यात तलाठी म्हणून गेली. (आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचं; गावात अजून कोणी म्हणत नाही.) वारसनोंदीच्या वेळी एक वाक्य कायम कानावर यायचं : “आप्पा, पोरीचं नाव कशाले? तिले काय समजतं? भावाचं लावा, तो पाहीन.” पोरगी मतिमंद असायची.

हिंदू वारसा कायद्याचं कलम 28 सांगतं की आजारामुळे किंवा व्यंगामुळे कोणाचा वारसाहक्क जात नाही. त्यामुळे नाव लागतंच. मूल लहान असेपर्यंत नावापुढे ‘अपाक’ (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आईचं नाव असतं. मुलगी अठराची झाली की कोणीतरी अर्ज करतो, अपाक शेरा कमी होतो आणि सात-बारावर ती सज्ञान खातेदार होते. शंभराची नोट कोणती नि पाचशेची कोणती, हे तिला उमगत नाही. पण तिच्यासाठी केलेली आईची सही आता बँकेत चालत नाही. नेमकी याच सुमाराला घरात हक्कसोडपत्राची कुजबुज सुरू होते. ज्याला व्यवहार कळत नाही, त्याने केलेला करार कायद्याने टिकत नाही. तरी अंगठा घेतला जातो.

भाऊ वाईटच असतो असं नाही. आमच्या फैजपुरात बहिणीला जीव लावणारे भाऊ पुष्कळ आहेत. पण एका वादळात केळीची बाग आडवी झाली की सोसायटीचं कर्ज थकतं. जमीन एकट्या भावाच्या नावावर असेल तर बहिणीचाही घास त्याच कर्जात जातो. म्हणून आई-वडिलांनो, मृत्युपत्र करताना ‘भावाने सांभाळावे’ एवढं लिहून थांबू नका. तिचा हिस्सा वेगळा दाखवा, किंवा तिच्या तहहयात पोटगीचा बोजा जमिनीवर ठेवून सात-बाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात त्याची नोंद करून घ्या. चांगल्या वकिलाला हे एका बैठकीत जमतं.

दुसरं काम अठराव्या वर्षी करायचं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीला ती कायदेशीर पालक नेमून देते. या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. मला हीच तरतूद सगळ्यात मोलाची वाटते. काका असो की भाऊ, त्याला कोणीतरी विचारणारं असतं.

दिव्यांग अवलंबितांसाठीची आयकरातली सूट शेतकऱ्याच्या फारशी कामाची नाही, शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नसतो. नोकरदारांनी मात्र कार्यालयात चौकशी करावी. आई-वडील सरकारी नोकरीत असतील, तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. त्यासाठी त्याचं नाव हयातीतच कागदोपत्री लागलेलं बरं.

स्थानिक स्तर समिती तीन महिन्यांतून एकदा तरी बसावी असं कायदा म्हणतो. ती बसते जळगावला. केळी उतरायच्या दिवसांत मतिमंद लेकराला घेऊन तिथवर जाणं किती घरांना जमेल? काँग्रेसने 1936 साली अधिवेशन खेड्यात भरवायचं ठरवलं तेव्हा फैजपूर निवडलं होतं. समितीने वर्षातून एक बैठक इथल्या प्रांत कार्यालयात घ्यायला काय हरकत आहे?

आणि माझ्या खात्याकडेही एक मागणी आहे. अपाक शेरा कमी करण्याचा अर्ज आला की तलाठ्याने घरच्यांना एवढंच विचारावं : मुलाला व्यवहार कळतो का? उत्तर ‘नाही’ आलं, तर समितीच्या अर्जाचा नमुना त्याच टेबलावरून त्यांच्या हातात द्यावा आणि समितीचा निर्णय येईपर्यंत फेरफाराची घाई करू नये.