पाकिटात बंद गाडी

परवा आमच्या घरी एक छोटंसं महाभारत झालं. कारण काय, तर सात सेंटिमीटर लांबीची खेळण्यातली गाडी!

नातवाने हॉट व्हील्सची नवी गाडी पाकीट फोडून बाहेर काढली आणि तिच्या पोटाला ड्रिल लावलं. नेमका त्याच वेळी माझा भाचा आलेला. त्याच्या कपाटात अशा दीडशे गाड्या आहेत, सगळ्या पाकिटात बंद. तो कळवळला. "मामा, अहो सांगा ना याला काहीतरी! पाकीट फोडलं की किंमत संपली. हा तर गाडीच मोडतोय!"

तेव्हा मी चहा घेऊन गप्प बसलो. पण भाचा हा ब्लॉग वाचतो, म्हणून इथेच सांगतो : बाबा रे, चुकतोयस तू.

तुला इतिहास आवडतो ना, मग ऐक. १९६८ साली अमेरिकेत मॅटेल कंपनीने हॉट व्हील्स बाजारात आणल्या. त्या पहिल्या १६ गाड्यांपैकी १० गाड्यांच्या नावाची सुरुवातच 'कस्टम' या शब्दाने होते. कस्टम कॅमारो, कस्टम मस्टँग वगैरे. कॅलिफोर्नियातले हौशी लोक कारखान्यातून आलेल्या गाडीचा रंग, चाकं, अंग सगळं बदलत, त्या हौसेची ही छोटी आवृत्ती. म्हणजे हे खेळणं जन्मालाच आलं बदलाच्या हौसेतून. आणि आपण ते प्लास्टिकमध्ये कोंडून ठेवायचं?

आता नातवाने काय 'मोडलं' ते पाहा. तळाचे रिव्हेट ड्रिलने उडवले, तशी पत्र्यासारखी दिसणारी ओतीव धातूची बॉडी, काच, सीट आणि तळ सुटे झाले. जुना रंग काढला. प्रायमरचा पातळ हात, तो वाळल्यावर रंगाचे दोन हात. मग तारेचा आस कापून रबरी टायरची चाकं बसवली. ती मडगार्डला घासायला लागली! पोरगं दोन संध्याकाळी कानशीने आतून घासत बसलं होतं. तिसऱ्या दिवशी गाडी फरशीवरून सरळ पळाली. त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास.

खरं सांगायचं तर मला लागलं ते वेगळंच. शाळेत कार्यानुभवाचा तास असायचा. परीक्षा जवळ आली की तो तास मी स्वतः गणितासाठी मागून घेत असे, आणि वर मुलांवर उपकार करतोय असंही वाटायचं. त्या मुलांच्या हातांना काय शिकता आलं असतं, ते मला सत्तरी ओलांडल्यावर नातवाच्या टेबलापाशी कळलं.

भाच्याचं एक म्हणणं मान्य. १९६८ ची अस्सल जुनी गाडी हाती आली तर तिला ड्रिल लावू नये, ती जपावीच. आणि रंगाचा फवारा मारायचा तर खिडक्या उघडून, तोंडाला मास्क लावून. नातवाला मी तसं बजावलंय. पण आज दुकानात ढिगाने टांगलेली गाडी म्हणजे काही पुराणवस्तू नव्हे.

असो. भाच्या, पुढच्या रविवारी ये. दीडशेतली एकच गाडी आण, कुठली ते तूच ठरव. ड्रिल आमच्याकडे आहे, पाकीट मात्र तुझ्या हाताने फोडायचं.