गोळी जड की हलकी?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत रब्बी ज्वारीच्या कणसांत दूध भरू लागले, की पाखरांचे थवे शेतात उतरतात. मग राखणदार माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो. त्याच्या पायाशी गोट्यांचा लहानसा ढीग असतो. विद्यार्थी मित्रांनो, तो ढीग कधी नीट न्याहाळला आहे का? घोड आणि भीमा नद्यांच्या काठी दगडांना तोटा नाही. पण राखणदार हाताला लागेल तो दगड गोफणीत घालत नाही. साधारण सारख्या वजनाचे गोटे तो वेचून आणतो. फार हलका खडा भरकटतो आणि फार जड धोंड्याने खांदा भरून येतो.

कागदी लक्ष्यावर पिस्तुलाने नेम धरणाऱ्या खेळाडूपुढेही हाच प्रश्न असतो. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे तळ आहेत, त्यामुळे पिस्तूल हा शब्द इकडच्या मुलांना नवा नाही. समजा, दोन मित्रांत वाद लागला. एक म्हणतो, "जड गोळीच बरी." दुसरा म्हणतो, "हलकी गोळी वेगाने जाते, तीच बरी." खरे कोणाचे? माझे मत असे, की या प्रश्नाचे उत्तर ऐकीव माहितीत नसून लक्ष्याच्या कागदावर असते; आणि तो कागद वाचण्याची सवय आपल्या शाळांतून लावली जात नाही.

प्रथम वजनांची ओळख करून घेऊ. गोळीचे वजन 'ग्रेन' या जुन्या मापात सांगतात. १८० ग्रेन म्हणजे एक तोळा. ऑलिंपिकमधील २५ मीटर पिस्तूल स्पर्धेतील ५.६ मिलिमीटर व्यासाची गोळी सुमारे ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम भरते. पाव तोळ्याहूनही कमी. तेथे निवडीला फारसा वाव नाही. पोलीस वापरतात त्या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळ्या मात्र ७.५, ८ आणि ९.५ ग्रॅम अशा निरनिराळ्या वजनांच्या मिळतात. खरा वाद येथेच आहे.

आता थोडे गणित करू. ७.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने सुटते, तर ९.५ ग्रॅमची सुमारे ३०० मीटर वेगाने. २५ मीटर अंतर कापताना गुरुत्वाकर्षणामुळे पहिली अडीच सेंटिमीटर खाली येते आणि दुसरी ३.४ सेंटिमीटर. फरक एक सेंटिमीटरही नाही! म्हणजे जड गोळी लक्ष्यावर किंचित खाली लागावी, असा अंदाज आपण बांधतो.

प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते. जड गोळी वर लागते! याचे कारण न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे. गोळी पुढे ढकलली जाताच पिस्तूल मागे ढकलले जाते. नळी मुठीच्या वर असल्यामुळे तिचे तोंड उचलले जाते. गोळी नळीत असते ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास; पण तेवढ्यातही हे उचलणे सुरू झालेले असते. जड, मंद गोळी नळीत अधिक वेळ राहते आणि म्हणून अधिक वर रोखलेल्या नळीतून बाहेर पडते. आपला तर्क चुकीचा नव्हता, तो अपुरा होता. ही चूक कोणी दाखवली? कागदाने!

म्हणून एक भेद लक्षात ठेवावा. सगळ्या गोळ्या एकाच जागी, पण मध्यापासून दूर लागल्या, तर घाबरण्याचे कारण नाही; पिस्तुलावरील दर्शक थोडा सरकवला की काम होते. गोळ्या चोहीकडे विखुरल्या, तर मात्र दोष गोळीत, नळीत किंवा हातात आहे. नळीच्या आतील पिळामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि स्थिर राहते. कोणत्या नळीला कोणती गोळी मानवते, हे दहा-दहा गोळ्या झाडूनच कळते. नेहमीच्या सरावासाठी मी मधले वजन सुचवीन. पण त्याहून महत्त्वाचे हे, की एकदा निवडलेले वजन वारंवार बदलू नये. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. भारतीय महिलेचे नेमबाजीतील ते या स्पर्धेतले पहिले सुवर्ण. या प्रकारात प्राथमिक फेरीतच ६० गोळ्या झाडाव्या लागतात. एक गोळी मध्यावर लागणे हा योगायोग असू शकतो, साठांचे तसे नाही.

आपल्या प्रयोगशाळेत काय चालते? लंबकाचे एक वाचन घ्यायचे, उरलेली शेजाऱ्याच्या वहीतून उतरवायची आणि पुस्तकातल्या उत्तराशी ती जुळवायची. वाचनांतील फरक लपवला जातो, आणि शिकण्याजोगे सारे त्या फरकातच असते.

पिस्तूल हाताळणे हे परवाना असलेल्या रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे. पण प्रयोगाला पिस्तूल कशाला हवे? ५०, १०० आणि २०० ग्रॅम वाळूच्या कापडी पुरचुंड्या शिवा. मैदानावर फक्कीने खूण करा आणि पाच मीटरवरून प्रत्येक वजनाची पुरचुंडी दहा-दहा वेळा टाका. प्रत्येक वेळचे अंतर मोजा, सरासरी काढा, पसारा पाहा. तुमच्या हाताला कोणते वजन मानवते, ते वहीच सांगेल. शिक्षकांना विनंती एवढीच, की दोन मुलांची उत्तरे निराळी आली, तर एकालाही चूक ठरवू नका. दोघांचे हात निराळे आहेत. राखणदारही शेजाऱ्याच्या ढिगातले गोटे मागत नाही. तो आपले गोटे आपणच पारखून घेतो.