कुत्र्यासह उतरावे कोठे?

सुटीचे दिवस जवळ आले की पूर्वी घरोघरी एकच चिंता असे, ती म्हणजे मागे घर कोण राखील. अलीकडे तिच्या जोडीला दुसरी चिंता आली आहे, ती म्हणजे कुत्र्याचे काय करावयाचे. वाड्याच्या काळात हा प्रश्न नव्हता. निम्मी मंडळी गावी गेली तरी निम्मी मागे उरत, आणि दोन वेळा भाकरतुकडा टाकणारे कोणी ना कोणी असे. आज एकत्र कुटुंबेदेखील एकाच मोटारीतून निघतात, दाराला कुलूप लागते, आणि घरातल्या मुलांनी हौसेने पाळलेला जीव सर्वांच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो. त्यास घेऊन निघावे तर वाटेत उतरावे कोठे व जेवावे कोठे, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. नाशिकहून सावळघाटाने गुजरातेकडे जाणारा रस्ता आमच्या पेठेवरूनच जातो. त्यामुळे अशी कुटुंबे आम्ही वारंवार पाहतो, आणि म्हणून या महिन्यात याच विषयाचा थोडा विचार करावा असे योजिले आहे.

विलायतेत स्थायिक झालेली आपली मुले या बाबतीत तिकडील 'पब'चे कौतुक सांगतात. पब हा शब्द 'पब्लिक हाऊस' याचा संक्षेप असून त्याचा सरळ अर्थ सार्वजनिक घर असा आहे. तेथे काय प्यावे व काय पिऊ नये हा ज्याचा त्याचा विचार आहे. आपल्या विषयापुरते पाहावयाचे ते एवढेच की, अशा पुष्कळ घरांत मालकाच्या पायाशी त्याचे कुत्रे निवांत पडून राहू शकते आणि दाराशी त्याच्यासाठी पाण्याचे भांडे ठेवलेले असते. इंग्लंडच्या कायद्याने कुत्र्यास बैठकीच्या जागेत येण्यास बंदी केलेली नाही. स्वयंपाकाच्या जागेत मात्र त्यास येऊ देता येत नाही. बैठकीत घ्यावे की नाही हे मालकाच्या मर्जीवर सोडले आहे.

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथील बॉबी नावाच्या कुत्र्याची कथा या संदर्भात आठवते. धनी वारल्यावर हा बॉबी ग्रेफ्रायर्सच्या स्मशानभूमीत राहू लागला, आणि दुपारी एकची तोफ झाली की जवळच्या एका उपाहारगृहात जेवावयास जाऊ लागला, अशी त्याची ख्याती आहे. १८६७ साली त्याच्या परवान्याचा प्रश्न निघाला, तेव्हा नगराध्यक्ष विल्यम चेंबर्स यांनी पदरचे पैसे भरून परवाना काढला व त्याच्या गळ्यात पट्टा घातला. बॉबी १८७२ साली मेला, आणि पुढच्याच वर्षी त्याचा पुतळा उभा राहिला. धन्यावरील निष्ठेसाठी लोक त्याची आठवण काढतात. मला मात्र त्या उपाहारगृहाच्या मालकाचेही स्मरण करावेसे वाटते, कारण ज्या गिऱ्हाइकाकडून कधी पैसा मिळावयाचा नव्हता त्यास त्याने दररोज दार उघडे ठेवले.

आपल्याकडे असे काही नव्हते काय? महाभारतच उघडून पाहावे. आदिपर्वाच्या आरंभी जनमेजयाचे सत्र चालू असता सरमेचे पिलू तेथे येते. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते, मग चाटण्याची गोष्ट दूरच. तरीही जनमेजयाच्या भावांनी त्यास मारले. सरमा जाब विचारण्यास आली तेव्हा कोणास उत्तर देता येईना, आणि निरपराध्यास मारल्याबद्दल अकल्पित भय येईल असा शाप देऊन ती गेली. ग्रंथाच्या शेवटाकडे, महाप्रस्थानिकपर्वात, पुन्हा कुत्रे व दार यांचीच गाठ पडते. द्रौपदी व चौघे भाऊ वाटेत पडले. हस्तिनापुरापासून मागे आलेले कुत्रे तेवढे धर्मराजाजवळ उरले. इंद्र रथ घेऊन आला व म्हणाला की कुत्रे बाळगणारांस स्वर्गात स्थान नाही. भक्तास टाकून मिळणारा स्वर्ग मला नको, असे धर्मराजाने उत्तर दिले, आणि तेव्हा ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्म होता असे प्रकट झाले. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या दोन्ही टोकांस व्यासांनी दाराशी आलेले कुत्रेच बसवावे, हे सहज घडले असेल असे मला वाटत नाही.

धर्मराजाचा अधिकार मोठा. आपल्यासारख्या प्रापंचिकांसाठी मार्ग दाखवितात ती गृह्यकर्मे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वैश्वदेवाच्या प्रकरणी कुत्रे, कावळे व कृमी यांच्यासाठी अन्न जमिनीवर ठेवावयास सांगितले आहे. तेही फेकून न देता हळुवारपणे. त्याच अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीवर कुत्र्याची दृष्टी पडू नये असेही सांगितले आहे. या दोन वचनांत वरवर विरोध दिसतो. तथापि नीट पाहिल्यास त्यांतून एकच व्यवस्था निघते. कुत्र्यास पानावर बसवू नये, पण त्याचा वाटा व त्याची जागा घरच्याने आधीच ठरवून ठेवावी.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितलीच पाहिजे. वैश्वदेवाच्या त्या श्लोकात कुत्र्याकावळ्यांच्या रांगेत काही माणसेही बसविली आहेत. चितगावजवळच्या पहाडतळी येथील युरोपियन क्लबावर 'कुत्रे व हिंदी लोक यांस मज्जाव' असा फलक होता असे सांगतात. याच क्लबावर सप्टेंबर १९३२ मध्ये प्रीतिलता वड्डेदार यांनी सशस्त्र हल्ला केला. त्या फलकाचा आपणांस संताप येतो, आणि तो योग्यच आहे. परंतु मग आपल्या स्मृतीतील ती रांग वाचतानाही मान खाली गेली पाहिजे. माणसास कुत्र्याच्या पंक्तीस बसविणे हा अपराध दोन्हीकडे सारखाच. त्यात कुत्र्याचा काडीइतकाही दोष नाही, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

जागा ठरलेली असावी हे तत्त्व आजच्या कायद्यातही दिसते. आपल्या देशातील २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांचा रोख, अन्न जेथे शिजते व हाताळले जाते तेथे प्राण्यांचा वावर नसावा, असाच आहे. भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी जो आदेश दिला, त्यात वाटेल तेथे रस्त्यावर खाऊ न घालता प्रत्येक प्रभागात त्यासाठी ठराविक जागा नेमावी असे सांगितले. रेल्वेचेही तसेच आहे. पहिल्या वर्गाची दोन किंवा चार शायिकांची खोली संपूर्ण राखून घेतली तर कुत्रे धन्याजवळ राहू शकते. एरवी त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातील पेटीत होते. तात्पर्य, 'आमच्याकडे कुत्रे चालते' या तीन शब्दांनी समाधान मानू नये. कोठे चालते, हे विचारावे.

हा प्रश्न आमच्या बाजूस केवळ सोयीचा राहत नाही, तो जिवावरचा होतो. पेठ तालुका डोंगराचा व रानाचा. पाडे लहान, मधले अंतर मोठे, आणि बिबट्याचा वावर असलेला हा सारा टापू आहे. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्यांचे भक्ष्य तपासले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, भक्ष्याच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के, म्हणजे सर्वांत मोठा निघाला. ज्यास आपले कुत्रे गमवावयाचे नाही असा येथला शेतकरी अंधार पडताच त्यास आत घेऊन दार लावतो. शहरातून आलेल्या पाहुण्यास मात्र उतारघराचा मालक आदराने सांगतो, 'कुत्रे आणा की. रात्री बाहेर आंब्याला बांधा.' मालकाच्या मनात कपट नसते, पण साखळीने बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेले पानच होय. पळण्याचीही वाट आपणच बंद केलेली असते. यास्तव रात्री भिंतींच्या आत व दाराच्या मागे जागा मिळत नसेल, तर त्या ठिकाणी कितीही आर्जवाने बोलावले तरी कुत्र्याचे स्वागत आहे असे समजू नये.

दुसरे दोन धोके दिवसाचे आहेत. पहिला मोटारीचा. 'कुत्र्यास गाडीत ठेवा आणि तुम्ही आत या,' असे पुष्कळ खानावळींत सांगतात. बंद काचांच्या गाडीतील उष्णता उन्हात दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढते, आणि कुत्र्याच्या अंगास आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. पंगत उठेपर्यंत त्याचा प्राण जाऊ शकतो. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

दुसरा धोका खास नाशिकचा, आणि तो मायेतून येतो. द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात पाहुण्यापुढे द्राक्षांची ताटली येते, आणि एखादा घोस लाडाने कुत्र्यापुढेही टाकला जातो. द्राक्षे व बेदाणे कुत्र्यास विषासमान असून त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्याने अपाय होईल याचा भरवसा नाही, म्हणून एकही देऊ नये. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नाशिकभोवती द्राक्षमद्याचे कारखाने व त्यांना जोडून अतिथिगृहे झाली. मुंबई-पुण्याची मंडळी तेथे कुत्र्यांसह येऊ लागली. बागेत फिरविताना पडलेल्या मण्यांवर व चोथ्याच्या ढिगांवर लक्ष ठेवावे. कांदा, लसूण व चॉकलेट यांनाही हाच नियम लावावा. गृहिणींनी घरूनच साधा भात, ज्वारीची भाकरी किंवा नेहमीचे खाणे डब्यात घ्यावे म्हणजे खानावळीच्या मसाल्याच्या रश्श्याची वेळ येणार नाही.

म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनीवर चार प्रश्न विचारावेत. कुत्रे रात्री कोठे निजेल? आम्ही जेवतो तेव्हा ते कोठे बसेल, आणि तेथे सावली व पाणी आहे काय? तुमच्या आवारात तुमची स्वतःची कुत्री मोकळी असतात काय? आणि जवळचा जनावरांचा डॉक्टर किती अंतरावर आहे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्यास पाठ असते, त्याने पूर्वी खरोखरच कुत्री उतरवून घेतली आहेत असे समजण्यास हरकत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. रस्त्याकडेच्या प्रत्येक धाब्याचे आपले एक कुत्रे असते, आणि मालकाने परवानगी दिली तरी त्याने दिलेली नसते.

आता धन्याचे कर्तव्य. पाहुणा म्हणून जावयाचे तर पाहुण्याची रीत पाळली पाहिजे. पिसाळ रोग जडला की त्यावर औषध नाही; लस हाच उपाय. ती लुई पाश्चर यांनी १८८५ साली प्रथम माणसास दिली, आणि आज ती गावोगावी मिळते. कुत्र्यास ती वेळच्या वेळी टोचून दाखला बरोबर ठेवावा आणि मागण्यापूर्वी दाखवावा. पट्टा आखूड असावा. शेजारच्या पानावरील कोणास कुत्र्याचे भय वाटत असेल, किंवा सोवळेओवळे पाळणाऱ्या एखाद्या वृद्धेस संकोच वाटत असेल, तर 'आमचे काही करीत नाही' असे व्याख्यान देऊ नये. उठून दूर बसावे. सर्वांत मुख्य म्हणजे त्याने केलेली घाण आपल्या हातांनी उचलावी. ती मागे टाकून आपण निघून जातो तेव्हा मालकास काही त्रास होत नाही. तो होतो सकाळी अंगण झाडणाऱ्या बाईस. आणि कुत्र्याचे स्वागत करावे की नाही हे तिला कोणी विचारलेले नसते. ज्या उतारघरांची दारे कुत्र्यांस पुन्हा बंद झाली, त्यांतली बरीचशी कुत्र्यांनी नव्हे, धन्यांनी बंद करविली असावीत.

आमच्या पेठेच्या बाजारात 'पब' नाही, आणि त्याची कोणास उणीवही भासत नाही. पण कुत्र्यासह आलेल्या वाटसरूस निवाऱ्याची जागा देण्यास लागते तरी काय? दाराशी पाण्याचे एक भांडे, बैठकीपासून थोडी दूर अशी सावलीची जागा, आणि रात्री कडी लागेल अशी एक पडवी. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा आणि विचार मात्र आधी करून ठेवलेला हवा. आपल्या घरी कोणी कुत्र्यासह पाहुणा येणार असेल, तर त्याच्या अंथरुणाची जागा ठरवितानाच त्या मुक्या सोबत्याचीही ठरवून ठेवावी. वैश्वदेव आता फारच थोड्या घरांत होतो. त्यातील कुत्र्याचा वाटा तरी चालू ठेवण्यास कोणाची आडकाठी नाही.