‘छान आहे’ एवढ्याने भागत नाही

रोजच्या भाताला तांदूळ कोणता आणावा, भाकरीसाठी ज्वारी कुठली घ्यावी, दिवाळीला दुकानात मांडलेल्या अंकांच्या ढिगातून कोणता उचलावा, हे प्रश्न गंभीर चर्चेचे मानले जात नाहीत. तरीही घरातल्या रोजच्या सुखाचा मोठा हिस्सा अशाच निवडींवर अवलंबून असतो. ही निवड पूर्वी कुणाच्या तरी सांगण्यावरून होत असे. किराणा दुकानदार, शेजारीण, वाचनालयाच्या खिडकीत बसणारे ग्रंथपाल, गिरणीवाला, असे कुणीतरी सुचवत असे. आता ते काम मोबाइलवरच्या ताऱ्यांकडे गेले आहे. माणसाने माणसाला आवडीची गोष्ट सुचवणे आजही ताऱ्यांपेक्षा जास्त भरवशाचे आहे, असे माझे मत आहे. मात्र एक अट आहे. सांगणाऱ्याने नेमके सांगितले पाहिजे. वस्तू कोणती, कशासाठी, कोणत्या दिवसांत, आणि कुणाच्या उपयोगाची नाही, हे चारही सांगितले पाहिजे. नुसते ‘छान आहे, घेऊन बघा’ म्हणणारा माणूस तारेच वाटत असतो.

ताऱ्यांवर अविश्वास दाखवायला भक्कम आधार आहे. २००६ साली मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले आणि आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले, हा आकडाही त्यांना दाखवला. गाणी तीच असूनही प्रत्येक गटात वेगवेगळी गाणी वर चढली. फार चांगले गाणे सहसा तळाला गेले नाही, फार वाईट गाणे सहसा डोक्यावर बसले नाही, पण मधल्या सगळ्या गाण्यांचे नशीब आधी आलेल्यांनी काय उचलले यावर ठरले. पुढे २०१३ साली लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी त्याच नियतकालिकात आणखी एक गोष्ट दाखवून दिली. एका संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांना सुरुवातीलाच एक खोटे अनुकूल मत दिले, तर त्यांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. म्हणजे ४.३ हा आकडा हजार स्वतंत्र माणसांचा कौल नसतो. त्यातल्या कित्येकांनी आधीचा आकडा पाहून आपले मत दिलेले असते. शिवाय त्या आकड्यात कोण बोलले हे कळत नाही. मऊ भात आवडणारा आणि मोकळा भात आवडणारा यांचे तारे एकत्र करून सरासरी काढली, की ती दोघांच्याही कामाची राहत नाही.

कायद्यालाही हे उमगले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल वस्तूची भलामण करणाऱ्या व्यक्तीलाही दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानक आणले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने समाजमाध्यमांवरून वस्तू सुचवणाऱ्यांसाठी नियमावली काढली. पैसे, भेटवस्तू, फुकट प्रवास असे काही मिळाले असेल तर ते स्पष्ट सांगा, असे तिचे म्हणणे. या सगळ्यामागचा विचार योग्य आहे: शिफारस ऐकणाऱ्याला बोलणारा कोण आणि त्याचा त्यात काय संबंध, हे कळले पाहिजे. पण कायदा खोटे बोलणाऱ्याला अडवू शकतो. नेमके कसे बोलावे हे तो शिकवू शकत नाही. ते काम आपले.

नेमके म्हणजे काय, ते आंबेमोहराच्या उदाहरणावरून पाहता येईल. ‘आंबेमोहर घ्या, उत्तम असतो’ ही शिफारस ऐकून एखाद्याने तो आणला आणि त्याचा पुलाव केला, तर ताटात गोळा येईल आणि तो माणूस पुन्हा आंबेमोहराच्या वाटेला जाणार नाही. हा दाणा आखूड, शिजल्यावर मोडणारा आणि एकमेकाला चिकटणारा. म्हणूनच तो वरणभाताला, मेतकूट-तुपाच्या मऊ भाताला, पेजेला आणि लहान मुलाला भरवायला घ्यावा. बिर्याणीला घेऊ नये. नवा तांदूळ असेल तर पाणी बेताने घालावे, कारण तो जुन्यापेक्षा लवकर गळतो. शिजताना आंब्याच्या मोहरासारखा वास सुटला पाहिजे. तो वासच नसेल तर पिशवीवर काहीही लिहिलेले असो, आत दुसरे काही असण्याचा संभव मोठा. मुळशी, मावळ, भोर या घाटमाथ्याजवळच्या पट्ट्यातले हे पीक उंच वाढते, लोळते आणि उतारा कमी देते. त्यामुळे अनेक शेतकरी इंद्रायणीकडे वळले. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेले ते वाण आंबेमोहराच्याच संकरातून निघालेले आहे. इंद्रायणीही गोड लागते आणि रोजच्या भाताला ती मला योग्यच वाटते. फक्त तिला आंबेमोहर म्हणून विकू नये आणि आंबेमोहराच्या भावाने घेऊ नये. आता ही एवढी माहिती ताऱ्यांत कुठे बसणार? ती सांगायला अर्धा मिनिट लागतो, आणि ऐकणाऱ्याचा पुढच्या अनेक वर्षांचा भात सुधारतो.

इथे कुणी म्हणेल की यासाठी भौगोलिक मानांकन आहेच की. आहे, आणि ते हवेच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला ते २०१६ साली मिळाले, कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ साली, कोल्हापुरी चपलेला २०१९ साली. पण मानांकन नाव राखते, मागणी निर्माण करत नाही. कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने खपवला जातो ही बागायतदारांची तक्रार मानांकनानंतरही थांबलेली नाही, कारण पेटीवरचे नाव वाचणारे पुष्कळ आणि फळ ओळखणारे थोडे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि मूळ कारागिरांचा उल्लेख केला नाही, तेव्हा महाराष्ट्रात संताप झाला. त्या चपलांची प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलांची आहे हे कंपनीला मग मान्य करावे लागले. तो संताप रास्त होता. पण त्याच आठवड्यात किती जणांनी दुसऱ्याला सांगितले असेल, की नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते, तिला तेल लावून थोडी थोडी वापरायची, पावसात नेऊ नये आणि भिजलीच तर उन्हात न टाकता सावलीत वाळवावी? हे सांगणारे कोणी नसल्यामुळे माणूस एकदा घेतो, पाय सोलवटतो आणि पुढच्या वेळी रबरी चप्पल घेतो. कारागिराचे खरे नुकसान तिथे होते.

ज्वारीचेही तसेच आहे. ‘भाकरी खा, पौष्टिक असते’ हा उपदेश २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात आपण इतका ऐकला की कान किटले. त्याने भाकरी खाणारे किती वाढले ते सांगता येत नाही, पण जमत नाही म्हणून सोडून देणारे प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. त्यांना उपदेशापेक्षा दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या. ज्वारी रब्बीची, मालदांडी घ्यावी. काळ्या खोल जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारा तो टपोरा, मोत्यासारखा दाणा आहे. खरिपाच्या संकरित ज्वारीवर काढणीच्या वेळी पाऊस पडला की दाणा काळा पडतो आणि भाकरीची चव जाते. दुसरे, पीठ एकदम पाच किलो दळून ठेवू नये. जुन्या पिठाची भाकरी थापताना कडा चिरतात आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्याच हातात काही नाही. आठवड्यापुरते दळावे, उकळते पाणी घालून मळावे. याच ज्वारीचा हुरडाही सुचवताना आधी दिवस सांगावे लागतात: दाणा दुधाळ, हिरवा आणि मऊ असतो ते थंडीतले थोडेच दिवस. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस भाजायचे, गरम असतानाच तळहातावर चोळायचे, फुंकून कोंडा उडवायचा आणि लसणाच्या चटणीबरोबर लगेच खायचे. डब्यात भरून शहरात आणलेला हुरडा कुणालाही सुचवू नये. गार झाला की त्यात काही राहत नाही.

सर्वांत जुना आक्षेप असा, की आवड ज्याची त्याची. ती दुसऱ्यावर लादू नये. हा आक्षेप नेमक्या शिफारशीला लागूच होत नाही. ‘हे सर्वांत उत्तम’ म्हणणारा लादतो. ‘मऊ भात आवडत असेल तर हा, मोकळा आवडत असेल तर हा नको’ म्हणणारा ऐकणाऱ्याच्या आवडीला मान देतो आणि निवड त्याच्यावर सोपवतो. आवड वेगवेगळी असते म्हणूनच तर कुणाला काय चालणार नाही हे सांगणे शिफारशीचा आवश्यक भाग ठरते.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. शिफारस करण्याचा अधिकार महाराष्ट्रात नेहमी ठरावीक घरांकडे राहिला. मराठी जेवण म्हणून वर्षानुवर्षे जे सुचवले गेले ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या, त्यातही वरच्या जातींच्या स्वयंपाकघरातले. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली लिहिले तेव्हा मराठवाड्यातल्या दलित घरांतले जेवण एवढ्या तपशिलाने पहिल्यांदाच अनेक वाचकांसमोर आले. ते जेवण तेव्हाही रोज शिजत होते. त्याच्याबद्दल कुणी विचारत नव्हते, आणि न विचारता सांगण्याची सोय नव्हती. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्यावरचा उपाय शिफारशी बंद करणे नाही, सांगणाऱ्यांची संख्या वाढवणे हा आहे. ताऱ्यांच्या यादीत जे आधीच पुढे आहे तेच पुढे जाते. माणसाच्या तोंडी मात्र जळगावकडचे फिकट हिरवे, पांढऱ्या रेघांचे, कमी बियांचे भरताचे वांगे येऊ शकते. ते काड्यांवर भाजून, हिरवी मिरची आणि कांद्याची पात घालून कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर खावे, हेही येऊ शकते. म्हणून या बाबतीत सांगण्याइतकेच विचारणेही आले. कार्यालयात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या भंडाऱ्याच्या किंवा नंदुरबारच्या सहकाऱ्याला त्याच्या घरचा तांदूळ कोणता, मिरची कुठली, हे विचारायला काहीच हरकत नाही.

तिसरा आक्षेप गर्दीचा. आवडीची जागा सांगितली की ती बिघडते. हे खरे आहे, आणि इथे मी माझ्या म्हणण्याला मुरड घालतो. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले, प्रसिद्धी झाली, आणि फुले तुडवली जाऊ लागल्यावर शुल्क, कुंपण आणि रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा हे सगळे आणावे लागले. पठार मागणीने वाढत नाही. तांदळाचे तसे नाही; आंबेमोहराला गिऱ्हाईक वाढले तर पुढच्या खरिपात आणखी काही वाफ्यांत तो लागेल. त्यामुळे पिकवलेल्या, विणलेल्या, शिवलेल्या, छापलेल्या वस्तू मोकळेपणाने सुचवाव्यात. झरे, पठारे, निर्जन किनारे सुचवताना हात आखडता घ्यावा, आणि समाजमाध्यमांवर तर त्यांचा पत्ता टाकूच नये.

छापलेल्या वस्तूंत दिवाळी अंक आला. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा अखंड चालू आहे. तिला आज सर्वांत जास्त गरज नेमक्या शिफारशीची आहे. अंक येतात पुष्कळ, वाचनालयांच्या योजनांतून ते घरोघर फिरतात, आणि तरी आपसात बोलणे ‘यंदाचा अमुक अंक बरा आहे’ यापलीकडे जात नाही. अख्खा अंक कधीच एकसारखा चांगला नसतो. त्यातला एखादा लेख, एखादी कथा वाचण्यासारखी असते, आणि लहान शहरातून निघणाऱ्या, जाहिराती कमी मिळणाऱ्या अंकात ती असली तर तिच्यापर्यंत कुणी पोहोचत नाही. नव्या लेखकाला त्याने लिहिलेले कुणीतरी वाचले हे कळण्याचा दुसरा मार्गही फारसा नाही.

तेव्हा येत्या दिवाळीत अंक सुचवाल तेव्हा लेखाचे नाव आणि पान सांगा, तो कुणाला आवडेल आणि कुणी त्याच्या वाटेला जाऊ नये हेही सांगा. दुकानदारांनी तांदळाच्या पोत्यावर भावाबरोबर वाण, गाव आणि नवा की जुना हे लिहावे. खडूची एक ओळ पुरते. आणि कुणी तुम्हाला ‘घेऊन बघा, छान आहे’ म्हणाले, तर त्यांना तिथेच थांबवून विचारा: कशासाठी छान?